आमची वाटचाल: टाय रॉडपासून ट्रॅक सेटिंगपर्यंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत वडिलांनी टायरचं दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यांचा माल वाहणारे टेम्पो आणि जीप. अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, चाकांना दोरी लावायची, टाय रॉड (स्टीअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) फिरवायचा आणि चक्कर मारून गाडी कुठे ओढते का ते बघायचं. वडिलांचा हात इतका बसलेला होता की लांबलांबचे ड्रायव्हर त्यांनाच शोधत यायचे. पुढे कॉम्प्युटरचं मशीन आलं, मग कर्ज काढून कॅमेऱ्यांचं थ्री-डी मशीन घेतलं. शहरात अशी दुकानं आता भरपूर आहेत, त्यामुळे त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही.

आमचं काम वेगळ्या वाटेला लागलं ते रॅलीवाल्यांमुळे. नाशिकला मोटरस्पोर्टचं वेड जुनं आहे. रॅली ऑफ महाराष्ट्रनं ते गावभर पसरवलं. ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानात आखलेल्या वळणांवरची वेळेची शर्यत) उतरणारी पोरं स्विफ्ट घेऊन यायची आणि म्हणायची, "भाऊ, कंपनीचं सेटिंग नको. गाडी वळायला पाहिजे."

कंपनीचं सेटिंग वाईट नसतं. घरातली पाच माणसं, डिकीत सामान, पावसाळ्यातला हायवे आणि टायरचं आयुष्य, हे सगळं सांभाळायला ते ठरवलेलं असतं. मशीनच्या पडद्यावर हिरवं दिसलं म्हणजे गाडी त्या मर्यादेत आहे, एवढंच कळतं. ती तुमच्या वापराला योग्य आहे का, हे मशीनला माहीत नसतं. म्हणून आमच्याकडे गाडी रॅम्पवर चढण्याआधी मालकाशी बोलणं होतं. रोज किती चालते? घाटात जाता का? ट्रॅकवर वर्षातून एकदा की दर महिन्याला? टायर कोणते, गाडी खाली बसवली आहे का?

स्विफ्टचंच घ्या. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब. जोरात वळताना बॉडी झुकते आणि बाहेरच्या बाजूचं चाक वरून बाहेर कलतं. सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो, आतली कडा मोकळी राहते. म्हणून चाक आधीच वरून आत कलतं ठेवायचं. हा निगेटिव्ह कॅम्बर. स्ट्रट नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, दोन बोल्टनी धरलेला असतो. त्यातला एक काढून एक्सेंट्रिक (फिरवला की चाकाचा कल बदलणारा) कॅम्बर बोल्ट टाकला की साधारण एक डिग्री हाताशी येते. त्याहून जास्त हवं असेल तर वर कॅम्बर प्लेट लागते, तिने स्ट्रटचं वरचं टोक आत सरकवता येतं. रोजच्या गाडीला, रविवारी घाट करणाऱ्याला, आम्ही १ ते १.५ डिग्री निगेटिव्ह देतो. ट्रॅकची गाडी असेल तर २.५ ते ३ पर्यंत जातो. मागचा ॲक्सल टॉर्शन बीमचा, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईने जोडलेला, असल्यामुळे तिथे फिरवायला बोल्टच नाही, शिम (पातळ चकती) घालावी लागते. ऑक्टाव्हिया व्हीआरएससारख्या मल्टिलिंक गाडीत, जिथे मागच्या प्रत्येक चाकाला वेगवेगळे दांडे असतात, मागचा कॅम्बर आणि टो (वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर वळलेली) दोन्ही हाताळता येतात. असं काम आलं की आमच्या पोरांचे डोळे चमकतात.

टायर खरा खातो तो टो. लोक दोष मात्र कॅम्बरला देतात. १५ इंची रिमवर १ मिलिमीटर म्हणजे जवळपास ९ मिनिटं (एका डिग्रीची ६० मिनिटं), डिग्रीचा सहावा हिस्सासुद्धा नाही, पण तेवढ्यानेही गाडीचा स्वभाव बदलतो. पुढे किंचित टो-आऊट (चाकांची तोंडं बाहेर) ठेवला तर स्टीअरिंग वळवताक्षणी नाक आत शिरतं. तीच गाडी कसारा उतरून मुंबईला रोज जाणार असेल तर स्टीअरिंग सतत सावरावं लागतं. अशा माणसाला आम्ही शून्य टोच देतो, त्याने कितीही हट्ट धरला तरी. टो चुकलेला टायर हाताला लगेच कळतो: तळवा ट्रेडवरून (टायरच्या नक्षीवरून) एका दिशेने गुळगुळीत जातो, उलट फिरवला की करवतीसारखा अडतो.

कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेसाठी, म्हणजे २.१ किलोमीटरच्या ट्रॅकसाठी, गाडी तयार करायची असेल तर आमचा अर्धा दिवस जातो. आधी हवा भरायची. मग ड्रायव्हरच्या सीटवर मालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती आणि टाकीत ट्रॅकवर असेल तेवढं पेट्रोल. गाडी दाबून, हलवून सस्पेन्शन बसू द्यायचं. मागचा ॲक्सल आधी बघायचा, कारण गाडी कुठल्या रेषेत पळणार ते तो ठरवतो. मग पुढचा कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच.

ट्रॅकवर पहिलं सेशन संपताच मालकाने सुईचा पायरोमीटर (तापमापक) रबरात खुपसून प्रत्येक टायरचं आतलं, मधलं आणि बाहेरचं तापमान घ्यायचं आणि फोनवर कळवायचं. लांबून नेम धरायची तापमानाची बंदूक चालत नाही, ती फक्त पृष्ठभाग दाखवते आणि तो पिटमध्ये येईपर्यंत थंड होतो. बाहेरची कडा जास्त तापली तर कॅम्बर वाढवायचा. आतली फारच तापली तर कमी करायचा. मधलाच पट्टा तापला असेल तर हवा जास्त आहे. हे आकडे आम्ही त्या गाडीच्या वहीत लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी सुरुवात अंदाजाने होत नाही.

काही कामं आम्ही करत नाही. टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट ढिला असेल तर त्या दिवशी अलाइनमेंट नाही, आधी पार्ट बदला. गाडी इतकी खाली बसवली असेल की लोअर आर्म चाकाच्या बाजूने वर चढलाय, तर कुठलाही कॅम्बर देऊन ती गाडी नीट वळणार नाही. तिथे आम्ही स्प्रिंगबद्दल बोलतो. काही गिऱ्हाईकं रागावून गेली, धंदाही गेला. तरी हा नियम आम्ही सोडलेला नाही, कारण ताशी शंभरच्या वेगात त्या चाकांवर माणूस बसलेला असतो.

आता पुणे, ठाणे, धुळ्याहूनही गाड्या येतात. आधी फोन करून वेळ घ्या, कारण ट्रॅक सेटिंगची एका दिवसात एकच गाडी घेतो. नवे टायर टाकले असतील तर जुने चारही सोबत आणा, आणि कुठला कुठे होता ते खडूने लिहून आणा. त्यांच्या कडा बघितल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही.