एकादशीची गोळी

औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या प्रत्येक पेशंटला आम्ही खिशात मावेल असं लॅमिनेट केलेलं कार्ड देतो. एका बाजूला सहभागीचा क्रमांक, दुसऱ्या बाजूला चोवीस तास चालू असणारा फोन नंबर. तो फोन आमच्यापैकी कोणाकडे तरी आळीपाळीने असतो. एरवी त्यावर तपासणीची तारीख बदलून मागणारे फोन येतात. त्या दुपारी आलेला फोन वेगळा होता.

ज्येष्ठ वद्य एकादशी होती. दोन्ही पालख्या पुण्यातला मुक्काम आटोपून सकाळीच निघाल्या होत्या, माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंगा विठोबा मंदिरातून. हडपसरला वाटा फुटतात. तुकोबा लोणी काळभोरकडे वळतात, माउली दिवे घाट चढून सासवडला जातात. हा टप्पा मोठा, त्यात चढ, आणि वर एकादशीचा उपास.

फोनवर घाटाच्या पायथ्याला वडकीजवळ सेवा देणारा एक तरुण डॉक्टर होता. "मॅडम, ५८ वर्षांच्या बाई आहेत, जुन्नरकडच्या दिंडीतल्या. सकाळपासून उलट्या, पोटात दुखतंय, दम लागलाय. ग्लुकोमीटरवर शुगर १७८ आहे, म्हणजे शुगरचा प्रश्न नाही. उन्हाचा त्रास आणि ऍसिडिटी वाटतेय. पिशवीत तुमचं कार्ड होतं म्हणून फोन केला."

"श्वास मोजलास?"

"मिनिटाला ३४. पण छाती क्लिअर आहे. ऑक्सिजन ९८."

मला काळजी वाटली ती नेमकी याचीच. फुप्फुसं स्वच्छ, ऑक्सिजन उत्तम, आणि तरी माणूस खोल आणि घाईने श्वास घेतोय, तेव्हा बहुतेक वेळा रक्तात आम्ल साठलेलं असतं आणि शरीर ते श्वासावाटे बाहेर फेकायला झटत असतं. मी त्याला सलाइन लावायला सांगितलं, १०८ची गाडी मागवायला सांगितली आणि आमच्याकडेच पाठव म्हटलं. त्या डॉक्टरचं मला फार कौतुक वाटतं. हजारो पाय, फोड, पाठदुखी आणि जुलाब बघता बघता त्याने एका पिशवीतलं कार्ड वाचलं आणि ते गंभीरपणे घेतलं. चाचणीच्या कुठल्याही कागदावर त्याचं नाव येणार नाही.

चाचणीतली गोळी मधुमेहावरच्या एसजीएलटी-२ गटातली होती. म्हणजे अर्ध्या सहभागींना ती, आणि अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली प्लासिबो. कोणाला कोणती, हे पेशंटला माहीत नसतं आणि आम्हालाही नसतं. या गटाची औषधं किडनीला रक्तातली साखर लघवीवाटे सोडून द्यायला लावतात. एरवी ते चांगलंच. पण माणूस उपाशी असेल, पाणी कमी पडलं असेल, खूप चालला असेल आणि इन्शुलिन अपुरं असेल, तर शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. याला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. नेहमीच्या प्रकारात शुगर ४००-५००वर जाते, त्यामुळे ते चटकन ओळखू येतं. इथे साखर लघवीतून वाहून जात असते, म्हणून ग्लुकोमीटरवर १७८ दिसतात आणि सगळे निर्धास्त होतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१५ च्या मे महिन्यात याचा जाहीर इशारा दिला होता.

मावशी (नाव देत नाही, आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणतो) पोचल्या तेव्हा संध्याकाळ होत आली होती. कपाळावरचा बुक्का घामाने ओघळलेला, ओठ कोरडे पडलेले, पण शुद्धीवर. ब्लड गॅसचा रिपोर्ट आला: पीएच ७.११, म्हणजे रक्त नको इतकं आम्ल झालेलं, बायकार्बोनेट ७, रक्तातले कीटोन ६.१. शुगर १८२.

मी इन्शुलिनचा ड्रिप सांगितला तेव्हा सिस्टरांचा हात थांबला. "मॅडम, शुगर १८२ आहे. इन्शुलिन लावू?" हा प्रश्न त्यांनी विचारला याचा मला आनंदच झाला. न विचारता लावणाऱ्यापेक्षा विचारणारी नर्स पेशंटच्या शेजारी असलेली बरी. इन्शुलिन इथे साखर उतरवायला नव्हतं, कीटोन बनणं थांबवायला होतं. साखर घसरू नये म्हणून सोबत पहिल्यापासून डेक्स्ट्रोज, आणि दर काही तासांनी पोटॅशियम तपासणं, कारण इन्शुलिन सुरू झालं की ते झपाट्याने खाली येतं.

मावशींनी बाटलीकडे बघून विचारलं, "ह्यात साखर हाय का? मंग उपास मोडला माजा?"

सिस्टर म्हणाल्या, "तोंडात काही गेलेलं नाही, मावशी. पांडुरंगाला चालतंय."

मग रेसिडेंट लघवीचा रिपोर्ट घेऊन आला. कीटोन भरपूर, ते अपेक्षितच होतं. पण साखर चार प्लस. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, आणि इथे रक्तात जेमतेम १८२ असताना लघवी साखरेने भरलेली. तो हळूच म्हणाला, "मॅडम, म्हणजे खरीच गोळी. ब्लाइंड तुटलाच की."

तो म्हणाला ते बरोबर होतं. म्हणूनच अशा चाचण्यांमध्ये मध्यवर्ती प्रयोगशाळा लघवीतल्या साखरेचा आकडा आमच्यापासून झाकून ठेवते. पण कॅज्युअल्टीतल्या पेशंटची लघवी झाकून कशी ठेवणार? चाचणीची डॉक्टर म्हणून मला तो आकडा दिसायला नको होता, आणि उपचार करणारी डॉक्टर म्हणून तो बघणं माझं कामच होतं. अशा वेळी कुठली भूमिका आधी, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नसते.

कोणाला कोणती गोळी याचा कोड अधिकृतपणे उघडण्याचा अधिकार मला होता. संगणकावर लॉगइन करून, कारण नोंदवून, दोन मिनिटांत कळलं असतं. मी उघडला नाही. गोळी कोणती हे कळल्याने उपचार बदलणार असेल तरच कोड उघडायचा, असा नियम आहे आणि तो मला पटतो. मी खरी गोळी आहे असंच धरून उपचार करत होते, गोळी बंद केली होती. उत्तर काहीही आलं असतं तरी सलाइनचा एक थेंबही बदलला नसता.

रात्री मावशींचा मुलगा आला. पालखीमुळे सोलापूर रस्ता बंद, त्यामुळे कुठून कुठून वळसे घालत पोचला होता. खाली काउंटरवर त्याच्याकडे डिपॉझिट मागितलं गेलं. आमच्या कोऑर्डिनेटरताई धावत खाली गेल्या आणि फाइल दाखवून ते थांबवलं. २०१९ च्या नवी औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार, चाचणीदरम्यान सहभागीला इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत, आणि इजा चाचणीमुळेच झाली असेल तर वर भरपाईही. हे त्या मुलाला कोणी सांगितलं नसतं तर त्याने रात्रीत कुठून तरी पैसे उभे केले असते. चाचण्यांबद्दल बोलताना लोक डॉक्टरांची नावं घेतात. पेशंटच्या हक्काचा कागद योग्य क्षणी हातात घेऊन उभं राहणारं माणूस बहुतेक वेळा कोऑर्डिनेटर असतं.

मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. "मॅडम, खरं सांगा. तुमच्या गोळीनेच झालं का हे?"

मी म्हटलं, "बहुतेक हो. गोळी, उपास आणि चालणं, तिन्ही मिळून. गोळी खरी होती की नुसती दिसायला तशी, हे मी अजून उघडून पाहिलेलं नाही. पण खरी होती असं धरूनच उपचार चालू आहेत."

"मग असलं औषध देताच कशाला?"

त्याचा राग रास्त होता आणि उत्तर मिळणं हा त्याचा हक्क होता. मी त्याला सांगितलं की याच गटातल्या एका औषधाच्या चाचणीत ७,०२० मधुमेही सहभागी झाले होते. २०१५ साली निकाल आला तेव्हा हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. आज हार्ट फेल्युअरचे पेशंट या गोळ्या घेतात ते अशाच सहभागींमुळे. पण त्या चाचणीतल्या लोकांचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३०च्या वर, म्हणजे लठ्ठपणाच्या पातळीला होता. आपली माणसं तशी नसतात. याच पुण्यात, केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं अभ्यासली. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र टिकून असतं. मावशींसारखी सडपातळ, इन्शुलिन मुळातच कमी असलेली माणसं या गोळीला कसा प्रतिसाद देतात, हे परदेशातल्या आकड्यांवरून कसं कळणार? तो ऐकत होता. पटलं की नाही ते मला सांगता येणार नाही. "आई बरी होईल ना?" एवढंच म्हणाला. होईल, असं मी म्हटलं, कारण तोवर पीएच ७.२४ वर आला होता.

सकाळी कीटोन २च्या आसपास होते. रेसिडेंटला ड्रिप बंद करायचा होता. मी चालू ठेवायला लावला, कारण या गोळीचा अंमल बंद केल्यावरही काही दिवस राहतो आणि घाईने इन्शुलिन काढलं तर कीटोन पुन्हा वर येतात. मावशी उठून बसल्या होत्या, द्वादशी सोडायला चहा मागत होत्या. मग मी खुर्ची ओढून नीट विचारलं. एकादशीच्या आदल्या रात्रीचं इन्शुलिन घेतलं होतं का?

"न्हाई. जेवायचंच न्हाई तर सुई कशाला? शुगर उतरंल म्हनून."

"आणि आमची गोळी?"

"ती घेतली की, पाटंच."

"जेवण नसेल त्या दिवशी ती घ्यायची नाही, असं सांगितलं होतं ना?"

"आजारी आसंल तर, म्हनला व्हता तुमी. मी कुठं आजारी व्हते? आन् ताई परत्येक येळी डबीतल्या गोळ्या मोजत्यात. एक जास्त निघाली तर तुमचा हिशोब चुकंल. तुमी येवढं करता माज्यासाठी."

मी हे ऐकलं आणि बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. चाचणीत परत आलेल्या गोळ्या मोजाव्या लागतात, नाहीतर कोणी किती औषध घेतलं हेच कळत नाही. पण मावशींना त्या मोजणीत आमच्यावरची मायाच दिसली होती. स्वतःच्या रोजच्या इन्शुलिनच्या बाबतीत त्या स्वतःच्या मनाने निर्णय घेत होत्या, आणि आमच्या गोळीच्या बाबतीत मात्र मन बाजूला ठेवून आमचा शब्द पाळत होत्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरवरचा विश्वास संशोधनाच्या खात्यात असा न बोलता वळता होतो. पेशंट ‘हो’ म्हणतो तेव्हा तो औषधाला म्हणतोय, अभ्यासाला म्हणतोय की आपल्या तोंडाकडे बघून म्हणतोय, हे दर भेटीत पुन्हा तपासायला हवं. सहीचा कागद एकदाच होतो, हे विचारणं संपत नाही.

गंभीर घटनेचा अहवाल २४ तासांच्या आत औषध नियंत्रकांना, प्रायोजक कंपनीला आणि एथिक्स कमिटीला पाठवावा लागतो, तो त्याच दिवशी दुपारी गेला. १४ दिवसांत कारणमीमांसेसह सविस्तर अहवाल. त्यात ‘औषधाशी संबंध’ या रकान्यात मी ‘आहे’ असं लिहिलं आणि मावशींचे शब्द जसेच्या तसे उतरवले, गोळ्यांच्या हिशोबासकट. आमच्या आहारतज्ज्ञबाईंनी दोन भेटींपूर्वी लिहून ठेवलेली ओळही जोडली: ‘दर एकादशीला निरंकार, फक्त पाणी.’ पीएच आणि कीटोनचे आकडे कुठल्याही देशातून आले असते. त्या ओळीमुळे घटना समजली.

एथिक्स कमिटीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारे आणि सर्वसामान्य माणसांच्या वतीने बसणारे सदस्यही असतात. बैठकीत सगळ्यात नेमका प्रश्न एका निवृत्त शिक्षिकेने विचारला: "तुमच्या माहितीपत्रकात ‘आजारपण’ आहे. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार, रोजे कुठे आहेत?" त्यानंतर सहभागींच्या पत्रकात उपासांची नावं घालून सूचना आली: निरंकार उपास, वारी, उलट्या किंवा जुलाब असतील तर ही गोळी बंद, इन्शुलिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही. कार्डावर आणखी एक ओळ आली, शुगर नॉर्मल असली तरी कीटोन तपासा. आणि कोऑर्डिनेटरताई आता डबी उघडण्याआधी विचारतात, "कोणत्या दिवशी घेतली नाहीत?" एखादी गोळी शिल्लक राहिली की "बरं केलंत सांगितलंत" म्हणतात, मग लिहितात.

मावशींची गोळी कायमची बंद झाली. चाचणीतून त्या बाहेर पडू शकत होत्या आणि मी तसं दोनदा सांगितलं. "गोळी न्हाई तर यिऊन काय करू?" असं त्यांनी विचारलं. ज्यांनी औषध सोडलं त्यांचं पुढे काय झालं हेही मोजलं नाही, तर औषध आहे त्यापेक्षा निर्धोक दिसतं, हे मी समजावलं. त्या येतात. मुलगा सोबत असतो, आणि वहीत शुगर लिहून आणतो.

मागच्या भेटीत त्याने विचारलं, "मॅडम, कळलं का हो, खरी गोळी होती का?" लघवीच्या त्या रिपोर्टवरून मला काय वाटतं ते त्याला ठाऊक आहे. पण कोडची यादी अजून उघडलेली नाही. शेवटच्या सहभागीची शेवटची तपासणी झाली की उघडेल. ज्यांना कळवायचं त्यांच्या यादीत त्याचा नंबर ताईंनी लिहून घेतला, आणि आम्ही तिघं पुढच्या वारीसाठी इन्शुलिनचं वेळापत्रक ठरवायला बसलो. एकादशीला राजगिऱ्याचा लाडू चालेल का, यावर मावशी अजून राजी नाहीत.