फ्रीजमधले ट्यूलिप

साताऱ्याची थंडी कपाटातले स्वेटर बाहेर काढते, पण ट्यूलिपला ती पुरत नाही. कंदाला सलग 12 ते 14 आठवडे 5 अंशांच्या आसपासचा गारवा लागतो. म्हणून सप्टेंबरातच कागदी पिशवीत घालून कंद फ्रीजच्या तळच्या कप्प्यात. सफरचंदं मात्र तिथून हद्दपार. पिकत्या फळांतला इथिलीन वायू कळी आतल्या आत मारतो. सासूबाई म्हणतात, "कांदे कशाला गं फ्रीजमध्ये?" दिसतातही तसेच, तपकिरी पापुद्र्याचे, टोकदार.

डिसेंबरात वाळू मिसळलेल्या मातीत, टोक वर करून, चार बोटं खोल लावते. पाणी साचलं की कंद सडलाच. दुपारी कुंडी पडवीत, सावलीला. आपल्या हवेत तोच कंद पुढल्या वर्षी फुलेल ही आशा सोडावी; दरवर्षी नवे घ्यायचे. महाग पडतं, पण निशिगंध काय, गल्लीत सगळ्यांकडेच आहे!