दिवाणजींच्या मोबाईलमधलं शून्य

‘पुन्हा घडत नाही.’ मे महिन्यात ॲपमधल्या चुकीच्या एका तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, हे तीन शब्द लिहून मी ते बंद केलं होतं. हर्णै बंदरातली ती संध्याकाळ होऊन दीड महिना झाला, तरी ते शब्द डोक्यातून जात नाहीत.

मी टेस्टर आहे, ॲपमधल्या चुका शोधते. कंपनी पुण्याची, काम दापोलीतल्या घरातून. आमचं ॲप मासळीच्या व्यापाऱ्यांसाठी आहे. लिलाव झाला की माल काट्यावर येतो, कॅरेटसकट वजन होतं, कॅरेटचं वजन वजा जाऊन निव्वळ वजन सर्व्हरवर जातं आणि रात्री प्रत्येक बोटीची हिशेबपट्टी निघते. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या पट्टीवर डिझेल, बर्फ, बोट चालवणारा तांडेल, खलाशी सगळ्यांचे पैसे ठरतात. मे महिन्यात आम्ही हर्णैला चार दिवस चाचणी घेतली. मग १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ॲपही बंद. ऑगस्टमध्ये ते खऱ्या धंद्यात उतरलं.

नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी सात वाजता ॲप वापरणाऱ्या हर्णैच्या शेठचा फोन आला. आदल्या रात्री तीन बोटींच्या पट्ट्या शून्य किलोच्या निघाल्या होत्या. शेठचं म्हणणं एकच, “आमच्या दिवाणजींनी आकडेच घातले नाहीत. म्हातारे झालेत आता.”

मी घरी बसून सगळं करून पाहिलं. नोंद केली, वजन बरोबर. रेंज घालवून नोंद केली, रेंज आल्यावर वजन बरोबर. आमच्या किनाऱ्यावर काहीही बिघडलं की पहिला संशय रेंजवर जातो, आणि दुपारपर्यंत मीही त्यातच वेळ घालवला. पुण्याच्या टीमकडून उत्तर आलं की सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास आहेत, कव्हरेज ८५ टक्के आहे, तेव्हा वापरणाऱ्याची चूक धरावी. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. कव्हरेज म्हणजे टेस्ट चालवताना कोडच्या किती ओळी चालल्या त्याचं माप. त्या ओळी कोणाच्या फोनवर, कोणत्या परिस्थितीत चालल्या हे त्यातून कळत नाही. तरी दर शुक्रवारी फलकावर तोच आकडा लागतो, आणि शेजारी कोणी किती तिकिटं बंद केली तो दुसरा. हे दोन आकडे वाढवणं म्हणजे काम, अशी समजूत आमच्याकडे कधी घट्ट झाली ते कळलंच नाही.

तीन वाजता स्कूटर काढली. आसूदचा उतार पावसात उतरून हर्णैला पोचले तेव्हा होड्या माल घेऊन काठाला लागत होत्या, मागे सुवर्णदुर्ग पावसात अर्धा पुसलेला. लिलाव सुरू होता. बांगड्याचे ढीग, बाजूला थोडी सुरमई. दिवाणजी शेडमध्ये काट्यापाशी बसले होते. साठीच्या आसपासचे, मांडीवर लाल कापडाची वही. मला पाहून उठले नाहीत, एरवी उठतात.

“बाय, मी आकडे घातलेत. डोळ्यांनी बघून घातलेत,” एवढंच म्हणाले. शेठ तिथेच उभे होते. चार हमालांसमोर या माणसाला सकाळपासून काय काय ऐकावं लागलं असेल ते त्या आवाजात होतं.

“काका, माझ्यासमोर एक नोंद करा,” मी म्हटलं.

कॅरेट काट्यावर गेलं. त्यांनी वजन टाकलं, कॅरेटचं पावणेदोन किलो वजा झालं, पडद्यावर निव्वळ वजन आलं. बटण दाबलं. मी मांडीवर लॅपटॉप उघडून सर्व्हरवरची नोंद पाहिली. शून्य. तीच नोंद माझ्या फोनवरून केली. बरोबर. त्यांच्या फोनवरून पुन्हा. शून्य.

मी गोंधळलेली बघून त्यांनी वही पुढे केली. “हे बघ, वहीत हेच, मोबाईलवर पण हेच.” त्यांनी वही आणि फोन शेजारी शेजारी धरले. वहीत वळणदार अक्षरात १८.२५. फोनच्या पडद्यावर १८.२५.

तेव्हा मला दिसलं. माझ्या फोनवर हाच आकडा इंग्रजी अंकांत येतो.

त्यांच्या मुलीने त्यांचा फोन मराठीत लावून दिला होता. शेडमधले बाकीचे तिन्ही फोन दुकानातून आले तसे इंग्रजीत होते. आमच्या अँड्रॉइड ॲपमध्ये निव्वळ वजन दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायला स्ट्रिंग डॉट फॉरमॅट ही आकड्याचा मजकूर बनवणारी तयार आज्ञा वापरली होती, भाषा न सांगता. भाषा सांगितली नाही की ती फोनची भाषा घेते, आणि फोन मराठीत असेल तर अंक देवनागरी येतात. माणसाला १८ आणि त्याचं इंग्रजी रूप एकच. संगणकाला नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, आपल्या शून्याचा २४०६. आमचा सर्व्हर जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला आहे. त्याने देवनागरी १८.२५ वाचायचा प्रयत्न केला, ‘हा आकडा नाही’ असं ठरवलं, आणि पुढे कोणीतरी लिहून ठेवलं होतं की आकडा नसेल तर शून्य धरा. सर्व्हर पायथॉन या दुसऱ्या भाषेत असता तर त्याने देवनागरी अंक मुकाट वाचले असते आणि हे कधी उघडकीला आलं नसतं.

ते ‘शून्य धरा’ मला सगळ्यात जास्त लागलं. लिहिणाऱ्याचा हेतू एवढाच की ॲप बंद पडू नये. पण ते तिथेच अडलं असतं, लाल अक्षरात ओरडलं असतं, तर मे महिन्यातच सापडलं असतं. ते गप्प राहिलं आणि दोष दिवाणजींवर गेला.

आमची टेस्ट का चुकली तेही सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्या इतर टीमही इथेच फसतील. आमचे एम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारे नकली फोन, अमेरिकन इंग्रजीवर, टेस्ट चालवणारा सर्व्हर इंग्रजीवर, आम्हा सगळ्यांचे फोन इंग्रजीवर. भाषा बदलून टेस्ट केलीच नव्हती असं नाही. एका सहकाऱ्याने फोन हिंदीत लावून सगळं तपासलं होतं आणि ‘देवनागरी ठीक’ अशी खूण केली होती. लिपी एकच, मग मराठी वेगळं कशाला तपासायचं? पण फोन ज्या तक्त्यांवरून अंक ठरवतात त्यांत हिंदीचे मूळ अंक इंग्रजी आहेत आणि मराठीचे देवनागरी. हिंदीतली टेस्ट कितीही वेळा केली तरी हे दिसलं नसतं. आम्ही ज्यात कोड लिहितो तो अँड्रॉइड स्टुडिओ नेमक्या त्या ओळीखाली पिवळा इशारा देतो की भाषा न सांगता फॉरमॅट करू नका. आमच्या कोडमध्ये असे इशारे शेकड्यांनी साठले होते, म्हणून कोणीतरी ते सगळे एकदम दिसेनासे करून टाकले होते.

मी शेठना तिथेच, हमालांसमोर सांगितलं की चूक आमची आहे, दिवाणजींची नाही. शेठ “बरं” म्हणाले. दिवाणजी काहीच बोलले नाहीत, पुढचं कॅरेट काट्यावर घ्यायला सांगितलं.

रात्री नऊपर्यंत आम्ही दोघं शेडमध्ये बसलो. ते वहीतून बोट, मासळी, वजन वाचत होते, मी माझ्या फोनवर नोंदवत होते. एकदा मी चुकून सौंदाळ्याचं वजन बांगड्यावर टाकलं, ते त्यांनी न बघता, मी परत उच्चारलेल्या नावावरून पकडलं. तिन्ही पट्ट्या नव्याने निघाल्या. वही नसती तर ते आकडे कुठेच नव्हते.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत झाली. सर्व्हरला जाणाऱ्या आकड्यासाठी भाषा ठरवून दिली, आणि सर्व्हरने न समजलेला आकडा परत पाठवायचा असं केलं. मी त्याच दिवशी कोड चाळला तर तारीख लिहिण्याच्या तीन ठिकाणी हाच घोटाळा होता. पुण्यात तिकिटाला ‘किरकोळ’ दर्जा दिला होता, कारण बाधित फोन एकच. त्यावर मी पाऊण तास भांडले. दर्जा बदलला, पण फलकावरचे दोन आकडे अजून तेच आहेत.

मे महिन्यातलं माझं तिकीट मी पुन्हा उघडलं. शिकवणीच्या दिवशी दिवाणजींनी एकच नोंद केली होती, ती शून्य आली होती. मी माझ्या फोनवर दोनदा करून पाहिली, बरोबर आली, शुक्रवार होता, बंद केली. त्यांच्याकडे जाऊन “काका, तुमचा फोन बघू” म्हणायला दापोलीहून जेमतेम अर्धा तास लागला असता.

आता माझ्या टेबलावर मराठीत लावलेला एक फोन कायम असतो. दिवाणजी ॲप वापरतात, आणि लाल वहीही लिहितात. तीच नोंद दोनदा करण्यात त्यांचा वेळ जातो, तेव्हा वही बंद करायला तुम्हीच सांगा, असं शेठनी मला दोनदा सांगितलंय. मी अजून सांगितलेलं नाही.