चष्मा लागलाय की डोळे नुसते दमलेत?

मागच्या महिन्यात एका बुधवारी संध्याकाळी हिंजवडीवरून घरी यायला स्टॉपवर उभी होते आणि समोरून येणाऱ्या बसची पाटीच वाचता येईना, सगळी अक्षरं एकमेकांत मिसळलेली, बस अगदी पुढ्यात आली तेव्हा कळलं की आपली नव्हेच. झालं, मी ठरवून टाकलं की चष्मा लागला. आई म्हणाली, "दिवसभर त्या डबड्यात डोकं घालून बसतेस, दुसरं काय होणार, गाजर खा." खाल्लं. (गाजराने नंबर जात नाही, पण हे आईला कोण सांगणार!)

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून येता येता एका चष्म्याच्या दुकानात शिरले, मशीनवर हनुवटी टेकवली, आत ते लांब रस्त्याच्या टोकाला फुग्याचं चित्र असतं ना, ते धूसर झालं मग स्वच्छ झालं आणि पाच मिनिटांत निकाल, दोन्ही डोळ्यांना मायनस पाऊण. अडीच हजारांचा चष्मा झाला.

आणि मग रविवार उजाडला. गच्चीवर कपडे वाळत घालत होते, चष्मा खालीच राहिलेला, आणि सिंहगडावरचा टॉवर लख्ख दिसतोय! खाली पळत जाऊन चष्मा आणला, घातला, काढला, परत घातला, शेजारच्या काकू विचारतायत काय गं कुणाला शोधतेस. टॉवर तसाच. म्हणजे नंबरला रविवारची सुट्टी असते का?

तेव्हा कुठे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले (आधी जायला हवं होतं, माहितीये). मॅडमनी तपासायच्या आधी नुसते प्रश्नच विचारले. धूसर सकाळी उठल्या उठल्या दिसतं की संध्याकाळी? पापण्या मिटल्या-उघडल्या की साफ होतं का? जवळचं बघून मान वर केली की लांबचं दिसायला वेळ लागतो का? खरा नंबर असेल तर तो सोमवारी सकाळीही असतो आणि रविवारीही, ठरावीक अंतरावरचं कायम धूसर. दमलेल्या डोळ्यांचं तसं नाही, ते दिवस चढेल तसं वाढतं आणि झोप झाली की उतरतं. आणि पापणी मिटली की क्षणभर साफ दिसत असेल तर तो बहुतेक कोरडेपणा.

मग थेंब घातले, अर्धा तास डोळे मिटून बसवलं, परत मशीन. नंबर जवळजवळ शून्य! डोळ्यातल्या भिंगाला जवळचं बघायला लावणारा जो स्नायू असतो तो दिवसभर आवळून आवळून तसाच अडकून बसतो, तासन्‌तास मूठ वळून ठेवली की बोटं लगेच सरळ होत नाहीत ना तसं. थेंबांनी तो सैल पडला. मी दुकानात गेले तेव्हा नऊ तासांची वळलेली मूठ घेऊन गेले होते. येताना मात्र जवळचं काहीच दिसेना, रिक्षावाल्याने मीटरचा जो आकडा सांगितला तो मुकाट्याने दिला.

वर कोरडेपणा होताच. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लवते, स्क्रीनसमोर ते पाच-सातवर येतं, त्यात माझ्या डोक्यावर थेट एसीचा झोत. आता जागा बदलून घेतलीये आणि दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे बघते. माझ्या नशिबी खिडकीतून समोरच्या कंपनीचं पार्किंग.

घरी करून बघण्यासारखी एक गंमत, जाड कागदाला टाचणीने भोक पाडून एका डोळ्याने लांबची पाटी वाचायची. भोकातून जास्त स्पष्ट दिसली तर फोकसची गडबड, म्हणजे नंबर किंवा माझ्यासारखा आवळलेला स्नायू, म्हणून संध्याकाळी आणि सुट्टीच्या सकाळी दोन्हीदा करायचं. मला संध्याकाळी फरक पडायचा, रविवारी शून्य. भोकातूनही धूसरच राहिलं तर घरी प्रयोग बास, डॉक्टर गाठा. आणि अचानक दिसायचं कमी झालं, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं झालं किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर रविवारची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

आमच्या दादाचं बरोब्बर उलटं. वय ४३, हॉटेलात मेन्यूकार्ड हात ताणून धरतो, वर मोबाइलचा टॉर्च मारतो, आणि म्हणे स्क्रीनचा ताण. निळा प्रकाश अडवणारा चष्मापण आणून झाला, २०२३ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय संशोधन पडताळून बघणारी जागतिक संस्था) १७ चाचण्या एकत्र तपासल्या आणि त्याने ताण कमी होतो असं काही त्यांना दिसलं नाही, पण दादा ऐकेल तर शपथ. अरे बाबा, चाळिशीनंतर भिंगच कडक होतं, आपल्याकडे त्या चष्म्याचं नावच चाळिशी आहे, आणखी काय पुरावा हवा! बरं, नंबर आणि ताण एकत्रही नांदतात, थोडा प्लस नंबर असलेली तरुण माणसं तो स्नायू ताणून वर्षानुवर्षं निभावतात आणि डोकेदुखीच्या गोळ्या खात बसतात.

माझा अडीच हजारांचा चष्मा कपाटात पडून आहे. दादाला म्हटलं यातच तुझ्या काचा बसवून घे, तर म्हणतो फ्रेम बायकी आहे.