‘उतरली असेल’

आंबिया बहाराच्या, म्हणजे संत्र्याच्या हंगामाच्या दिवसांत नागपूरच्या कळमना मार्केटात भरलेली गाडी उभी ठेवणं कोणालाच परवडत नाही. त्या पहाटे संत्र्यांचे क्रेट लादलेली दहाचाकी हैदराबादसाठी तयार होती आणि जाणारा ड्रायव्हर तापानं फणफणला होता. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाडीवर ड्रायव्हर लावायचं काम माझं. पावणेपाचला आमच्या जुन्या ड्रायव्हर काकांना फोन केला. आदल्या संध्याकाळी मीच त्यांना सांगितलं होतं, "उद्या सुट्टी, काका."

ते जरा थांबले. मग म्हणाले, "भाऊ, रात्री थोडी घेतली होती मी."

"किती वाजता?"

"अकराच्या आत आटपलं सारं."

"मग आता उतरली असेल. आंघोळ करा अन् या."

सव्वासहाला वर्धा रोडवर नाकाबंदीत गाडी अडवली. मी पोचलो तेव्हा काका बॅरिकेडजवळ उभे होते, हातात मशीनमधून निघालेली चिठ्ठी. आकडा ६८. कायद्यानं १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल चालत नाही. काका ती चिठ्ठी अंगठ्यानं पुन्हा पुन्हा सरळ करत होते. "सकाळपासून चहाबी नाई पेलो भाऊ, हे कसं आलं?" चाल सरळ, बोलणं स्वच्छ, डोळेही लाल नव्हते. मशीन बिघडलंय असं मलाही क्षणभर वाटलं. हवालदारानं नवी नळी लावून पुन्हा फुंकायला लावलं. आकडा जवळजवळ तोच.

शरीर तासाला १०० मिलिलीटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅमच अल्कोहोल उतरवतं, थोडं इकडेतिकडे. आंघोळ केली, लिंबू चोखलं, कडक चहा घेतला म्हणून तो वेग वाढत नाही. काकांनी रात्री दीड पव्वा घेतला होता. सात-सव्वासात तासांत तो सगळा उतरणं शक्यच नव्हतं. तेवीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ठाऊक नव्हतं.

दुसरा ड्रायव्हर येऊन गाडी घेऊन गेला. काकांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली केस झाली. या केसची पावती जागेवर फाडून मोकळं होता येत नाही, कोर्टातच जावं लागतं. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळचा दंड २,००० पर्यंत होता. काकांनी गुन्हा कबूल केला, दहा हजार दंड झाला.

दंडापेक्षा जड गेलं ते लायसन्स. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्येच सांगून ठेवलंय की दारूच्या केसमध्ये ते किमान तीन महिने निलंबित करायचं. कारवाला असो की ट्रकवाला, आपल्याकडे मर्यादा एकच आणि शिक्षाही एकच. पण कारवाला दुसऱ्या दिवशी ऑटोनं ऑफिसला जातो. काका तीन महिने कळमन्यात हमालांसोबत क्रेट उचलत होते, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. त्या गाडीखाली कोणी आलं असतं तर हे सांगायला मी तोंड उघडलं नसतं.

मालक म्हणाले, दंड पगारातून कापा. मी नाही म्हटलं. फोनवर काय बोलणं झालं ते त्यांना जसंच्या तसं सांगितलं. वकिलांनी तर मला बाजूला घेऊन समजावलं होतं: कलम १८८ नुसार असा गुन्हा करायला भाग पाडणारा, चिथावणारा तेवढ्याच शिक्षेला पात्र असतो. काकांनी कोर्टात माझं नाव घेतलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "चालवत तर मीच होतो ना, भाऊ."

शेवटी अर्धा दंड मालकांनी दिला, अर्धा मी.

आता सुट्टी सांगितली की त्या ड्रायव्हरला पहाटे फोन करत नाही. निघताना प्रत्येकाला विचारतो, रात्री घेतली का, किती, कधी संपवली. काही चिडतात. गेल्या महिन्यात एकानं खरं सांगितलं. दुसरा माणूस मिळेना म्हणून भरलेली गाडी दुपारी दोनपर्यंत कळमन्यात उभी राहिली. ताडपत्रीखाली संत्री तापत होती, व्यापारी फोनवर ओरडत होता, आणि मी तो फोन कानाला लावून ऐकत उभा होतो.