कोलोनचा डोम: पाया १२४८, कळस १८८०

कोलोन, शनिवार रात्र

पाय ठणकतायत, पण आजचं आजच लिहून ठेवते. उद्या सकाळी ट्रेन आहे, मग राहूनच जातं.

जर्मनीतल्या कोलोनच्या स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की कॅथेड्रल अंगावरच येतं. जरा लांबून नीट बघावं म्हटलं तर तेवढी जागाच नाही. भाचा ड्युसेलडॉर्फला असतो, त्याला याचं काही वाटत नाही. इथल्या लोकांसारखं तोही नुसतं ‘डोम’ म्हणतो आणि मित्रांना ‘डोमपाशी भेटू’ सांगतो. मी आपली आ वासून उभी. आधी डोळ्यांत भरतो तो काळा रंग. मुळात दगड फिकट; पण हवेतल्या गंधकामुळे वालुकाश्मावर पापुद्रा धरला आणि त्यात काजळी अडकत गेली. शेजारी रेल्वे, त्यात पूर्वीची कोळशाची इंजिनं. दुसरं काय होणार!

दोन मनोरे, उंची १५७ मीटर. १८८० साली काम पुरं झालं तेव्हा जगात याहून उंच इमारत नव्हती. माझं घोडं अडलं ते या सालावरच. पाया तर १२४८चा. मग मधे काय चाललं होतं?

“काहीच नाही, मावशी,” भाचा म्हणाला, “तीच तर गंमत आहे.”

पूर्वेकडचा वेदीचा भाग १३२२ साली वापरात आला. मग दक्षिणेचा मनोरा थोडाफार चढला आणि सोळाव्या शतकात काम बंद पडलं. पैसा आटला, हौसही आटली. दगड वर चढवायची लाकडी क्रेन मनोऱ्याच्या डोक्यावर होती, ती तशीच राहिली, तीनशेहून जास्त वर्षं! जुन्या चित्रांत कोलोन ओळखायची खूण म्हणजे ती क्रेन. उतरवली १८६८ साली. आजोबांनी नातवाला दाखवली, नातवाने पुढे त्याच्या नातवाला. आपण उगाच आपल्या उड्डाणपुलांना नावं ठेवतो.

पुढची गोष्ट तर कुणी रचून सांगितली असती तरी मी विश्वास ठेवला नसता. दर्शनी बाजूचा मूळ आराखडा, चामड्यावर काढलेला, चार मीटरहून उंच, गहाळ झाला होता. त्याचा अर्धा भाग १८१४ साली डार्मस्टाटमधे एका खानावळीच्या माळ्यावर सापडला. त्यावर शेंगा वाळत घातल्या होत्या म्हणे. उरलेला अर्धा दोन वर्षांनी पॅरिसमधे मिळाला. मग १८४२ मधे प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या राजाने नव्याने कोनशिला बसवली, गावोगाव वर्गण्या गोळा झाल्या, पुढे लॉटरीसुद्धा काढली. म्हणजे आपण ज्याला मध्ययुग समजून मान मोडेपर्यंत बघतो, त्यातलं डोळ्यांत भरणारं बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं आहे. छतासाठी तर तेव्हा चक्क लोखंडी सांगाडा उभारला. आयफेल टॉवर अजून व्हायचा होता!

हिशेब केला तर आपल्या व्हीटीचं बांधकाम १८७८ साली सुरू झालं, राजाबाई टॉवर त्याच वर्षी पुरा झाला. त्याचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही, पण हॅम्बुर्गचं निकोलाय चर्च त्याचंच. ओव्हलवरून रोज दिसणारा टॉवर आणि हे मनोरे एकाच काळातले, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. भाच्याचं म्हणणं, “म्हणजे हे डुप्लिकेटच की.” मला नाही तसं वाटत. आराखडा जुना, हात नवे. यात फसवणूक कुठे आहे?

आत लाल झग्यातले रखवालदार. एकाने आमच्या पुढच्या माणसाला नुसत्या भुवईने टोपी काढायला लावली. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या अस्थींची सोन्याची पेटी बघायला हीऽ गर्दी. ११६४ साली त्या अस्थी मिलानहून आणल्या आणि त्यांच्यासाठी एवढं मोठं देऊळ हवं झालं. मी मात्र रमले ती उत्तरेकडच्या मेरीसमोर. लहानशी मूर्ती, पांढरा पोशाख, आणि त्यावर लोकांनी वाहिलेल्या अंगठ्या, साखळ्या, ब्रोच. नवस फेडायला आपल्याकडे देवीला मणी-मंगळसूत्र वाहतात, अगदी तसंच. समोर मेणबत्त्या लावणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांवरही तोच भाव. मीही एक लावली. कशासाठी, ते इथे लिहीत नाही.

दक्षिणेकडची खिडकी चित्रकार गेरहार्ड रिश्टरने केलेली, २००७ची. संत नाहीत, देवदूत नाहीत. ७२ रंगांचे ११ हजारांवर काचेचे चौकोन, नुसते. तेव्हाच्या आर्चबिशपना ती पसंत पडली नाही. दुपारी ऊन आलं तेव्हा एका आजोबांच्या पांढऱ्या शर्टावर हिरवे-जांभळे ठिपके सांडले होते आणि ते मन लावून मोबाईलवर मेसेज टाईप करत होते. मला तरी खिडकी पसंत!

मग मनोरा. ५३३ पायऱ्या, गोल, अरुंद, चढणारे-उतरणारे एकाच जिन्यात. उतरणाऱ्या जाडजूड काकांना वाट द्यायला भिंतीला पालीसारखं चिकटावं लागतं. वाटेत २४ टनांची घंटा बघायच्या निमित्ताने दम खाल्ला. वरून ऱ्हाईन दिसते, पूल दिसतो, आणि हाताच्या अंतरावर दगडी पानं-फुलं, खालून कुणालाच दिसणार नाहीत अशी. काही झिजून गोटा झालेली, काही नवी कोरी, फिकट, कडा अजून धारदार.

ही नवी पानं डोमचे स्वतःचे पाथरवट घडवतात. त्यांची कार्यशाळा इथेच पायथ्याशी आहे आणि काम बारमाही. युद्धात चौदा बॉम्ब पडले तरी मनोरे उभे राहिले. एका मनोऱ्याचा फुटलेला कोपरा तेव्हा घाईघाईने विटांनी बुजवला आणि ती ठिगळं कित्येक दशकं तशीच होती. डोम ज्या दिवशी पुरा होईल त्या दिवशी जग बुडेल, असं इथले लोक गमतीने म्हणतात.

खाली आल्यावर भाचा डोमला बांधलेल्या परांचीमुळे फोटो बिघडतो म्हणून कुरकुरत होता. मी त्याला मुद्दाम परांचीसकट काढायला लावला. घरच्या ग्रुपवर तोच टाकलाय. ताईचा लगेच रिप्लाय: “अजून काम चालू आहे का गं?”