धेंपोची विजेतेपदं मोजताना

धेंपो या गोव्यातल्या फुटबॉल क्लबने आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली, २०१६ साली, तेव्हा मी गोव्यातल्या एका मराठी दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर होतो. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनीही तोच रस्ता धरला. भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्यात आयएसएल (इंडियन सुपर लीग) वर आणि आय-लीग खाली जाणार होती, तिला विरोध म्हणून. धेंपोचं जास्त लागलं, कारण २०१५ मध्ये खाली घसरलेला हा संघ दुसरी श्रेणी जिंकून नुकताच वर आला होता.

बातमी लिहायला वेळ लागला नाही. वेळ गेला सोबतच्या, विजेतेपदांच्या चौकटीत. वृत्तसंस्थेचा मजकूर 'तीन वेळचा आय-लीग विजेता' म्हणत होता. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. राष्ट्रीय लीगला आय-लीग हे नाव २००७ मध्ये मिळालं, त्यामुळे आधीची दोन विजेतेपदं या मोजणीतून गळतात. आणखी एक खाच आहे: नुसतं '२००७' लिहिलं की सलगचे दोन हंगाम एकमेकांत मिसळतात. म्हणून हंगाम नेहमी जोडवर्षातच छापायचा. २००४-०५ आणि २००६-०७ राष्ट्रीय लीग. २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ आय-लीग. एकूण पाच, आणि पाचही वेळा प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. घाईत भाषांतर करणारे डेस्क हे तपासत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी जुना चाहता बरोबर तिथेच बोट ठेवतो.

चाहत्यांचे फोन रात्रीच सुरू झाले. माघारीचं बहुतेकांचं कारण ठरलेलं होतं: खाणी बंद पडल्या, पैसा आटला. गोव्यातली खाणबंदी २०१२ ची. क्लबच्या मालक धेंपो घराण्याने आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवा कंपनीला विकला होता, आणि त्यानंतरही संघाने दोनदा लीग जिंकली. ते सांगितलं की पलीकडचा थोडा वेळ गप्प व्हायचा, मग विचारायचा, "मग झालं काय?"

आय-लीगचे पहिले सहा हंगाम गोव्याबाहेर गेलेच नव्हते: धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. ज्यांनी हे पाहिलं त्यांना हरणं पचवता येतं. संघ दहावा असला तरी गुणतक्त्यात त्याची ओळ असते. किती गुण कमी पडतात, कोणाशी गाठ आहे, हे रोज मोजता येतं. माघारीनंतर ती ओळच उरली नाही. काहीजण आयएसएलमधल्या एफसी गोवाकडे वळले. त्या संघाच्या सुरुवातीच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर ही घराणी होतीच. पण फातोर्ड्याच्या स्टेडियममधल्या जुन्या प्रेक्षकांतले बरेच फोनवर एवढंच विचारत, "राज्य लीगचा तक्ता कुठल्या पानावर?"

तो बहुधा छापलेलाच नसे. आमच्याच धंद्याने युरोपच्या लीगना अर्धं पान दिलं आणि प्रो लीगला, म्हणजे गोव्याच्या राज्य लीगला, दोन ओळींचा निकाल: गोल करणारे नाहीत, मिनिटं नाहीत. त्या रात्रीनंतर मी तक्त्यासाठी एक स्तंभ मागत राहिलो. जाहिरात आली की पहिला तोच उडायचा.

धेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. मधल्या वर्षांत संघ राज्य लीग खेळतच होता, आणि त्या सामन्यांचे गोलकर्ते आज शोधायला गेलं तर आमच्या जुन्या अंकांत सापडत नाहीत.